सुचायचं काय त्यात

परवा सकाळी पावणेसातला पाथर्डी फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी होते. सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, कानटोप्या बाहेर आल्या होत्या आणि टपरीवाल्याने चहात आलं वाढवलं होतं. नाशिकची थंडी अशीच येते, कोणाला न विचारता. काल पंखा लावून झोपलेली माणसं आज बंडी घालून रांगेत उभी. शेजारी उभ्या असलेल्या पगारने हात चोळत विचारलं, "मग ताई, यंदा काय सुचतंय का?"

माझं डोकं सणकलं. बिचाऱ्या पगारचा काहीच दोष नव्हता. थंडी पडली की आमच्याकडे कामगारांच्या नाट्यस्पर्धेचा हंगाम सुरू होतो, मी अंबडमधल्या आमच्या कंपनीच्या मंडळीसाठी नाटक लिहिते आणि पगार त्यात काम करतो. त्याने विचारायचं नाही तर कोणी? पण 'सुचणं' या शब्दाचाच मला राग आहे. कोणीतरी वरून टपकन काहीतरी टाकणार आणि आपण खाली पदर पसरून बसायचं, असा काहीतरी त्याचा थाट असतो. तीन हिवाळे मी असा पदर पसरून बसले होते. एक ओळ पडली नाही.

त्या तीन हिवाळ्यांत लोकांनी मला जे सल्ले दिले त्यांची आठवण झाली तरी आजही दात शिवशिवतात. जाऊबाई म्हणाल्या, गोदाकाठी जाऊन शांत बस, आपोआप येईल. गेले. रामकुंडापासून जरा लांब, पायरीवर दोन तास बसले. समोर एकजण मोटारसायकल धूत होता आणि बायका गोधड्या आपटत होत्या. मला सर्दी झाली. भाच्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यातल्या गोऱ्यापान मुलीचं म्हणणं, सकाळी उठल्याबरोबर मनात येईल ते तीन पानं लिहायचं. सकाळी पाचला उठून दोन डबे करून पावणेसातची बस धरणाऱ्या बाईच्या मनात काय येतं ते मी प्रामाणिकपणे लिहिलं. 'भेंडी चिरायची आहे' याच्या पलीकडे मजल गेली नाही. स्पर्धेतले एक जुने जाणकार म्हणाले, "लेखकाचं असं होतंच. विहिरीला पाणी भरायला वेळ द्यावा लागतो." मला त्यांना त्याच विहिरीत ढकलावंसं वाटलं. आणि नवरा. तो ओझरला कामाला. दमून येतो, फार बोलत नाही. एकदा मी कोऱ्या वहीसमोर बसलेली बघून म्हणाला, "नसेल जमत तर नको लिहूस. कोणी सांगितलंय?"

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

आमच्या नाटकांचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या नाटकांत माणसं शिफ्टप्रमाणे जगतात आणि शिफ्टप्रमाणे मरतात. फर्स्ट म्हणजे सकाळी सात ते साडेतीन, सेकंड म्हणजे साडेतीन ते रात्री बारा. म्हणजे तालमीही दोन. सेकंडवाल्यांची सकाळी नऊला, फर्स्टवाल्यांची संध्याकाळी पाचला. नायक फर्स्टला आणि त्याचा भाऊ सेकंडला असेल तर दोघं भाऊ एकमेकांना आठवड्याच्या सुट्टीलाच भेटतात, तोवर आपापली वाक्यं हवेत टाकतात. त्यात स्पर्धेचा प्रयोग लागतो दुपारी एकला आणि त्या दिवशी रजा मिळते ती फर्स्टवाल्यांनाच. त्यामुळे सेकंडवाल्यांना अडीचच्या आत रंगमंचावरून घालवणं ही लेखिकेची जबाबदारी. माझ्या नाटकांतले काका अर्ध्यातच सुरतेला निघून जातात, शेजारी घर बदलतात, आजोबा पहिल्या तासाभरात देवाघरी जातात. एकदा परीक्षकांनी विचारलं होतं, "त्या मामाच्या अचानक जाण्यामागे काही प्रतीक आहे का?" मी म्हटलं, "त्याची सेकंड होती." ते हसले. मी गंमत करत नव्हते.

मला ही पद्धत आवडायची. अजूनही आवडते. कोणाला किती वाजता कार्ड पंच करायचं आहे हे वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं आणि मग गोष्टीला बसवायचं. लिहिणं म्हणजे मला हातचं काम वाटायचं, मोजमाप घेऊन केलेलं. पत्रा कापतात तसं. तेव्हा मला कधी काही सुचायची वाट बघावी लागली नाही. कोण किती वाजता जाणार ते कळलं की तो का जाणार ते मी लिहीत असे.

पण याच पद्धतीच्या आड मी एकदा लपले.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे गाड्यांचे पत्र्याचे पार्ट निघतात. साच्यात पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसच्या रांगा आहेत, त्यांच्यावर ऑपरेटर आणि मी दर तासाला राउंड मारते. पार्ट उचलायचा, कडेवरून बोट फिरवायचं, कापलेल्या पत्र्याची धार उरली आहे का बघायचं, शीटवर टिक मारायची, पुढे. काशिनाथ भोये सहा नंबरच्या प्रेसवर होता. पेठ तालुक्यातला, डोंगरातल्या गावचा. बायको-मुलीसह चुंचाळ्यात भाड्याच्या खोलीत राहायचा. भाताच्या आवणीला आणि कापणीला आठ-आठ दिवस गावी पळायचा, येताना सगळ्या लाइनला पुरेल इतकी रानभाजी नाहीतर नवा तांदूळ आणायचा. कमी बोलणारा. चहा पिताना बशीत ओतून, फुंकर न मारता, शांतपणे थंड होऊ देणारा.

एका श्रावणात सहा नंबरच्या प्रेसखाली भोयेच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशी झाली. मशिन ठीक, बटणं ठीक. कामगाराला डुलकी लागली असावी, असं ठरलं. आणि त्याच हिवाळ्यात मी त्यावर नाटक लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं, बोटांऐवजी अख्खा हात घेतला, कारण मागे बसलेल्यांना बोटं दिसत नाहीत. माझ्या नाटकातला कामगार गावाकडच्या आईच्या आठवणीत मशिनवर डुलकी घेतो, स्वप्नात त्याला भाताचं खाचर दिसतं आणि प्रेस खाली येते. शेवटी त्याची बायको रिकामी बाही हातात धरून रडते. प्रेक्षागृहात माणसं हुंदके देत होती. लेखनाचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, कुणालाही दोषी न ठरवता लेखिकेने माणसाच्या थकव्याची शोकांतिका उभी केली आहे. मी साडीचा पदर सावरत स्टेजवर गेले. फोटोत मी फार आनंदी दिसते आहे. तो फोटो मी नंतर कपाटामागे ढकलला आणि दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी तो हटकून पुढे येतो.

त्या फोटोनंतरच्या तीन हिवाळ्यांत मी एक पानही लिहू शकले नाही. मंडळींनी दोन वर्षं कोणाचं तरी जुनं नाटक बसवलं, तिसऱ्या वर्षी भागच घेतला नाही. मी वही उघडायचे. पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे शिफ्ट लिहायचे. दुसऱ्या पानावर पात्रांची नावं. तिसऱ्या पानावर पेन टेकवला की मी उठून कुकर लावायचे. लोक म्हणायचे, बक्षिसाचं दडपण आलं. मीही तेच म्हणायला लागले. ऐकायला बरं वाटतं ते. बक्षिसाचं दडपण म्हणजे कसं, मोठ्या माणसाचं दुखणं.

गेल्या वर्षीचा हिवाळा मी विसरणार नाही. कार्तिक संपत आला होता, शहराबाहेर निघालं की द्राक्षबागांवर सकाळी धुकं बसलेलं दिसायचं आणि बागवाले काळजीने आभाळाकडे बघायचे. सुट्टीचा दिवस होता. मी गच्चीत गोधड्या वाळत टाकत होते. खालून हाक आली. बघते तर भोये. हातात तांदळाची पिशवी, पायात नव्या चपला. अपघातानंतर त्याला पॅकिंगला टाकलं होतं, त्यामुळे आमची गाठ क्वचितच पडायची. खरं सांगायचं तर मी पॅकिंगच्या बाजूने जाणं टाळायचे.

घरात घेतलं. चहा दिला. त्याने बशीत ओतला, डाव्या हाताच्या अंगठ्यावर आणि उरलेल्या दोन बोटांवर बशी तोलली. मला बघवेना म्हणून मी त्याच्या मुलीची चौकशी केली.

"रोहिणी नववीला हाय," तो म्हणाला. "त्याचसाठी आलो. तिच्या शाळेत गॅदरिंग हाय. सर लोक तुमचं नाटक बसवतायत."

"कुठलं?"

"ते हाताचं. बक्षिसाचं. कोणीतरी झेरॉक्स दिली म्हणं त्यांना. रोहिणीला बायकोचं काम दिलंय. ती रडते ना शेवटी, ती."

पहिल्यांदा मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. शाळेत आपलं नाटक. मी चक्क म्हणाले, "अरे वा."

भोयेने बशी खाली ठेवली. "तिला ठाव हाय ते माझ्यावरच हाय म्हणून. सगळी लाइन बोलते. ती मला म्हणली, बाबा, तुमी खरंच झोपले होते का? मी म्हणलं, नाय. रबर बांधलेलं होतं. ती म्हणली, मग नाटकात तसं का नाय?"

मी फडकं उचलून टेबल पुसायला लागले.

"मी म्हणलं, ताईंना ठाव नव्हतं. ती म्हणली, त्या तर तिथंच असतात ना." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "आता तिला वाटतंय, मी झोपलो अन् आता रबराचं खोटं सांगतोय. वर्गातली पोरं तिला म्हणतात, तुझा बाप कामावर झोपतो. लय रडली. तुमी तिला सांगा, ताई. तुमी सांगितलं तर ऐकंल."

रबराचं सांगते. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांना दोन. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात बटणांवर, साच्यात कोणाचं बोट असायचं कारण नाही. पण असं करत पार्ट काढला तर दिवसाचं टार्गेट होत नाही. मग जुन्या प्रेसवर एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून कायमचं दाबून ठेवायचं. उजव्या हाताने दुसरं बटण मारायचं आणि डाव्याने भराभर पत्रा सरकवायचा. हे सुपरवायझर स्वतः बांधून द्यायचा. आणि बाहेरचं कोणी बघायला येणार असलं, ऑडिट असलं, मोठे साहेब असले, की लाइनवरून नुसती एक शिट्टी जायची आणि सगळ्या प्रेसवरच्या पट्ट्या दोन सेकंदांत खिशात जायच्या. हाताला सवयच तशी लागलेली. कोणी आलं की आधी रबर.

त्या दिवशी प्रेस खाली आली, बोटं गेली आणि भोयेने काय केलं? ओरडायच्या आधी, हाताला फडकं लावायच्या आधी, उजव्या हाताने पट्टी सोडली आणि खिशात टाकली. कारण आता माणसं येणार हे त्याला कळलं. माणसं येणार म्हटल्यावर रबर काढायचं. आपल्या बाजूची एकुलती एक साक्ष त्याने स्वतःच्या हाताने, रक्त गळत असताना, शिस्तीत लपवली. चौकशीला आलेल्यांना दोन्ही बटणं मोकळी दिसली. मग ऑपरेटर झोपलाच असणार, नाही का? सुपरवायझर मान खाली घालून उभा होता. पुढे महिन्याभरात त्याची दुसऱ्या प्लँटला बदली झाली.

आणि मी? मी वीस मिनिटांपूर्वी राउंड मारून गेले होते. सहा नंबरचं डावं बटण काळ्या पट्टीने आवळलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. त्या दिवशीच नव्हे, रोज बघत होते. सगळेच बघत होते. दवाखान्यात शहाळं घेऊन गेले तेव्हा बाकीचे बाहेर गेल्यावर भोयेने हळूच विचारलं होतं, "ताई, तुमी राउंडला आल्या होत्या. रबर बघितलं ना?" मी म्हणाले होते, "माझं लक्ष नव्हतं, भोये." तो "बरं" म्हणाला होता. इतकंच. त्या 'बरं'वर मी चार महिन्यांत नाटक लिहिलं आणि बक्षीस घेतलं.

बरं, त्या नाटकाच्या पहिल्या खर्ड्यात सुपरवायझर होता. रबरही होतं. हे कोणाला ठाऊक नाही. सुपरवायझरचं काम सोनवणे करणार होता, तोच आमचा दिग्दर्शकही. तालमी सुरू झाल्यावर त्याची सेकंड लागली. मी म्हटलं, सुपरवायझर शेवटपर्यंत लागतो, सेकंडचा माणूस चालणार नाही, काढून टाकू. सुपरवायझर गेला तर पट्टी कोण बांधणार? पट्टीही गेली. मग बोटं कशी जाणार? झोपेने. किती सोपं झालं. शिफ्टमुळे झालं, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही. तोच सोनवणे त्याच्या आदल्या वर्षी मामा होऊन अडीचला सुरतेला गेला होता. मग त्या वर्षी त्यालाच सुपरवायझर करून अडीचला बदलीवर पाठवायला मला काय झालं होतं? दहा मिनिटांचं काम होतं.

त्या दिवशी भोयेसमोर बसून मला कोणाचा राग आला? त्याचाच. हे कबूल करते. नवा तांदूळ घेऊन सकाळी सकाळी माझ्या दारात यायची काय गरज होती? सांगायचंच होतं तर चौकशीत का नाही सांगितलं? पट्टी काढली कोणी? मी ते बोललेही. आवाज चढवून बोलले. "तुम्हीच काढलीत ना पट्टी? मग आता मला काय विचारता?"

"हो, मीच काढली," तो म्हणाला. "येडाच मी. पण तुमी बघितली होती."

"मग मी काय करू? शाळेत जाऊन भाषण देऊ?"

"नाटक लिहा ना. खरं."

"मला आता लिहिता येत नाही, भोये. तीन वर्षं झाली. सुचतच नाही."

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं, एखादं सोपं गणित न येणाऱ्या मुलाकडे बघावं तसं.

"सुचायचं काय त्यात?" तो म्हणाला. "तुमी बघितलं होतं."

मग खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढून त्याने टेबलावर ठेवली. आत काळ्या रबराची वीतभर पट्टी होती. एका टोकाला कडक झालेली, तपकिरी. चहा संपवून तो गेला. तांदळाची पिशवी ठेवून गेला, याचाही मला राग आला.

मी कुकर लावला नाही. गोधड्या गच्चीतच राहिल्या. नवऱ्याला सांगितलं, बाहेरून मिसळ आण नाहीतर उपाशी राहा, आणि वही काढली. जे काही झालं त्याला लोक काय म्हणतात ते मला माहीत नाही. प्रतिभा उफाळून वगैरे आली नाही. पेन कागदात घुसत होता, दोन ठिकाणी पान फाटलं. मी दात-ओठ खाऊन लिहीत होते. सुपरवायझरवर चिडून लिहिलं, चौकशीवाल्यांवर चिडून लिहिलं, त्या परीक्षकावर चिडून लिहिलं ज्याला कोणीच दोषी नसलेली शोकांतिका आवडली. भराभर पानं होत होती. चार वाजेपर्यंत अर्धं नाटक झालं आणि मग हात थांबला. परत तेच, कुकर लावायला उठावंसं वाटलं.

आता कारण माहीत होतं, म्हणून उठले नाही. बसून राहिले. लिहिलेलं परत वाचलं. लाइन होती, प्रेस होत्या, सुपरवायझर होता, पट्टी होती, शिट्टी होती. सगळ्यांचा हिशोब मी चोख चुकता केला होता. एक माणूस नव्हतं. दर तासाला राउंड मारणारी बाई मी गाळली होती. पुन्हा.

तीन वर्षं मला जी ओळ येत नव्हती ती काही फार अवघड नव्हती. तिच्यात एकही शब्द कठीण नाही. मी लिहिली: क्वालिटीच्या मॅडम येतात, बांधलेलं बटण बघतात, पुढे जातात. लिहून झाल्यावर इतकी चीड आली की पेन भिंतीवर मारला. मग उठून शोधून आणला, कारण दुसरा नव्हता, आणि उरलेलं नाटक संध्याकाळपर्यंत पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी रोहिणीच्या शाळेत फोन करून सांगितलं, माझं नाटक बसवू नका. सरांना वाटलं मला मानधन हवं आहे. त्यांना समजावताना माझा आवाज पुन्हा चढला. शेवटी ते म्हणाले, मुलांनी पाठांतर केलंय हो. मी म्हटलं, विसरायला सांगा.

नव्या नाटकाला स्पर्धेत काही मिळालं नाही. परीक्षकांच्या मते लेखन जरा एकांगी झालं होतं. ऑफिसमध्ये बोलावून मला विचारण्यात आलं की नाटकातली कंपनी कुठली. मी म्हटलं, ज्यांना ओळखीची वाटेल त्यांची. तेव्हापासून माझ्या रजेच्या अर्जांना उशीर होतो. प्रेसच्या बटणांवर आता पत्र्याची टोपी बसली आहे, रबर बांधता येत नाही. तेही नाटकामुळे नाही, मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटमुळे. आणि पगार मला बसस्टॉपवर विचारतो, काय सुचतंय का. सुचत नाही रे. आठवतं. आठवून अंगाची आग होते आणि मग लिहावं लागतं. पगारला हे सांगितलं असतं, तेवढ्यात बस आली.

त्या हिवाळ्यातली एक सकाळ मात्र सांगायची राहिली.

चुंचाळ्याच्या समाजमंदिरात सेकंडवाल्यांची तालीम. त्या आठवड्यात पगारची आणि माझीही सेकंड होती. नऊ वाजले होते, फरशी बर्फासारखी गार, सगळे मोजे घालून वावरत होते. भिंतीशी गणपतीच्या मांडवाचे बांबू रचलेले. टेबलावर प्लायवूड ठोकून प्रेस केली होती आणि लोणच्याच्या बरण्यांची दोन लाल झाकणं म्हणजे बटणं. भोयेचं काम पगार करत होता. सोनवणे या वेळीही सेकंडला होता आणि या वेळी सुपरवायझर तोच होता. अडीचला बदली होऊन जाणारा. क्वालिटीच्या मॅडमचं काम करायला बाईच नव्हती. ऑफिसातली मनीषा दिवसभराच्या जनरल शिफ्टला, तिला प्रयोगाच्या दुपारी कोणी सोडणार नव्हतं. मी शिफ्टचं पान तीनदा वर-खाली केलं, फट सापडेना. शेवटी सोनवणे म्हणाला, "ताई, तुम्हीच करा. नुसती एक फेरी तर आहे."

भोये प्रेक्षकांत होता, सतरंजीवर. काम करायला नाहीच म्हणाला होता, मला तसलं येत नाय. पण पट्टी बांधायला रोज यायचा. पगारला ती नीट आवळता येत नसे. भोये एक टोक दातात धरून, उजव्या हाताने दोन वेढे देऊन ती झाकणावर बसवायचा आणि जाऊन बसायचा. ती पुडीतलीच पट्टी होती. त्या दिवशी त्याच्याशेजारी रोहिणी बसली होती, शाळेच्या गणवेशावर बापाचं जर्किन घालून. तिची शाळा दुपारची.

मी बांबूंच्या आडून आले. हातात पुठ्ठ्यावर लावलेली शीट. सहा नंबरपाशी थांबले. बटणाकडे बघितलं. आवंढा गिळला. ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं, दूर कुठेतरी नजर लावली आणि जड पावलांनी पुढे गेले.

"वा, ताई," सोनवणे म्हणाला. "डोळ्यांत थोडं पाणी आणता येईल का?"

"नाय," सतरंजीवरून आवाज आला.

सगळे वळले. भोये उठून उभा राहिला होता.

"ताई थांबल्या नव्हत्या," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं. मशिनची सेटिंग सांगावी तसा तो सांगत होता. "चालता चालता बघितलं. मग पार्ट उचलला, बोट फिरवलं, टिक मारली. अन् म्हणल्या, माल चांगला येतोय, भोये."

मी हे विसरले होते. लिहिताना, सगळं खरं लिहायचं म्हणून पेन आपटत लिहिताना, मी हे वाक्य विसरले होते. आणि तो म्हणाल्याबरोबर मला माझाच आवाज ऐकू आला, त्या दिवशीचा, मोकळा, हसरा.

"परत घ्या," सोनवणे म्हणाला.

मी बांबूंच्या आड गेले. शीट सरळ केली. परत आले. चालता चालता बटण बघितलं, पायांचा वेग कमी केला नाही. पार्ट उचलला, कडेवरून बोट फिरवलं, टिक मारली. पगारकडे बघून हसले.

"माल चांगला येतोय, भोये."

"आस्सं," भोये म्हणाला आणि खाली बसला. त्याची मुलगी त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.